पुढचे पाठ, मागचे सपाट

प्रयोग क्रमांक १

उद्देश : सायकलच्या रिमला धरणाऱ्या ब्रेकच्या जोडीतला पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे ओळखणे, आणि दोन्ही आपापल्या जागी बसवणे.

कोणासाठी : नवशिक्यांसाठी. म्हणजे ज्यांनी आजवर एक पंक्चरही स्वतः काढलेले नाही, पण पंक्चर कसे काढावे याबद्दल ज्यांचे मत ठाम आहे, अशा सर्वांसाठी. पुण्यात हा विद्यार्थिवर्ग मुबलक आहे.

प्रस्तावना

शाळेत विज्ञानाची प्रयोगवही असायची. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता असा तिचा क्रम. प्रत्यक्षात आम्ही निरीक्षण आणि अनुमान आदल्या रात्री थोरल्या भावाच्या वहीतून उतरवून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग करायला जायचो. लिटमस कागदाची हिंमत नव्हती वहीविरुद्ध रंग बदलायची. या पद्धतीने मी दहावी झालो, नोकरीला लागलो, सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलो. कुठेही अडले नाही. अडले ते ब्रेकच्या वेळी. म्हणून हा प्रयोग मी आधी केला आहे आणि वहीत नंतर लिहीत आहे. तुम्हीही तोच क्रम ठेवा.

साहित्य

१. सायकल एक. गॅलरीत किंवा जिन्याखाली असते. तिच्यावरचे वाळत घातलेले कपडे आधी काढून घ्यावेत.

२. कॅलिपर ब्रेकची जोडी एक. मी ती जुन्या बाजारातून आणली. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे बंद पडलेल्या घड्याळापासून ट्रकच्या जॅकपर्यंत सगळे एका ताडपत्रीवर मिळते. विकणाऱ्याने दोन्ही ब्रेक वेगवेगळ्या कागदात गुंडाळले आणि म्हणाला, "साहेब, एक पुढचा, एक मागचा. मिसळू नका." मी दोन्ही एकाच पिशवीत टाकले. वरून दोन किलो मटार घेतले.

३. पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की. सायकल जुन्या घडणीची असेल तर दहाचा पाना.

४. ब्रेक वायर दोन, एक आखूड आणि एक लांब.

५. स्टीलच्या वाट्या दोन. एका ब्रेकचे नट, वायसर, स्क्रू एका वाटीत, दुसऱ्याचे दुसऱ्या वाटीत. वाट्या स्वयंपाकघरातून विचारून घ्याव्यात. न विचारता घेतल्यास हा प्रयोग निराळ्या शाखेत जातो.

६. शेजारी एक. हे साहित्य आणावे लागत नाही. सायकल पार्किंगमध्ये उलटी करताच ते आपोआप उपलब्ध होते.

पूर्वज्ञान

रिम ब्रेक म्हणजे चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, रबराने दाबून धरणारा ब्रेक. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण पुढचा-मागचा हा प्रश्न मागच्या पिढीला कधी पडलाच नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे.

पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे तेव्हा इथल्या बहुतेक सायकलींना रॉडचे ब्रेक असायचे. वायर नाहीच. हँडलखालच्या दांडीपासून लोखंडी सळ्या निघायच्या. पुढची सळी सरळ खाली यायची आणि घोड्याच्या रिकिबीसारखा एक तुकडा वर ओढायची. त्याची दोन रबरे रिमला बाजूंनी नव्हे, तर आतून, आऱ्यांच्या अंगाने लागायची. मागची सळी हँडलपासून खाली पेडलच्या आसापर्यंत जायची, तिथे कोपरा वळायची आणि मागच्या चाकापाशी पोचायची. ज्याला हे दोन ब्रेक एकमेकांच्या जागी बसवता आले असते त्याचा सत्कारच करावा लागला असता. अशा सायकली बघायच्या असतील तर कर्वेनगरच्या सहवास सोसायटीतल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जावे. २०१७ साली ते सुरू झाले. एखाद्या जुन्या विलायती सायकलीची सळी हँडलपासून मागच्या चाकापर्यंत बोटाने हवेत गिरवून बघा, म्हणजे आपल्या वाडवडिलांना डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल या दोनच गुन्ह्यांची भीती का होती हे कळेल. ब्रेक चुकीचा बसवणे हा गुन्हा त्यांना उपलब्धच नव्हता.

नंतर हलक्या, स्पोर्ट्स म्हणवणाऱ्या सायकली आल्या. सळ्या गेल्या, वायर आली, आणि तिच्याबरोबर कॅलिपर आले. कॅलिपर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखे दोन हात, मधोमध एक बोल्ट, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एकेक रबर. पुढचा आणि मागचा, दोघेही एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. जुळ्यांच्या आईला जसे कळते तसे सायकलवाल्यालाच ते कळते.

कृती

पायरी पहिली : सायकल उलटी ठेवावी, सीट आणि हँडल जमिनीला. आता पुढे जाण्याआधी डावे-उजवे ठरवून घ्यावे, कारण सायकल उलटी झाली की नवशिक्याच्या डोक्यात दिशाही उलटतात. नियम नाटकाचा आहे. डावे-उजवे नटाचे, प्रेक्षकाचे नाही. सायकलवर बसून पुढे बघणाऱ्याचा उजवा हात ती उजवी बाजू. तुम्ही समोर उकिडवे बसलेले प्रेक्षक आहात. तुमचे उजवे इथे धरले जाणार नाही.

पायरी दुसरी : दोन्ही ब्रेक हातात घेऊन चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रयत्न करावा. हा प्रयत्न फसतो, पण करावाच, म्हणजे पुन्हा करावासा वाटत नाही. शिमानो कंपनीचा नेहमीचा कॅलिपर समोरून पाहिला तर वायर तुमच्या डाव्या हाताला येते. पुढचा ब्रेक पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पुढे बसतो आणि पुढे तोंड करतो, म्हणून ती वायर स्वाराच्या उजवीकडे पडते. मागचा ब्रेक मागे बसतो आणि मागे तोंड करतो, म्हणून तीच वायर स्वाराच्या डावीकडे पडते. ब्रेक तोच, फक्त त्याने पाठ फिरवली. चेहरा बघून काही हाती लागत नाही ते यामुळे.

पायरी तिसरी : शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. संभाषण असे झाले.

"काय चाललंय?"

"ब्रेक बसवतोय, काका."

"स्वतः?"

या एका शब्दात माझे शिक्षण, माझे करिअर आणि माझ्या वडिलांचे माझ्याबद्दलचे मत, सगळे आले. मग ते वाकले, दोन्ही ब्रेक हातात घेऊन तोलले आणि म्हणाले, "पुढचा-मागचा असं काही नसतं हो. डावं-उजवं असतं ते चपलेला. ब्रेकला कशाला असेल? सत्तर सालापासून सायकल चालवतोय मी."

काका खोटे बोलत नव्हते. सत्तर साली त्यांच्या सायकलला रॉडचे ब्रेक होते. अनुभव पन्नास वर्षांचा होता, फक्त तो दुसऱ्या ब्रेकचा होता. पण त्यांचे अनुमान तयार होते, माझेही तयार होते, आणि दोन तयार अनुमाने जुळली की निरीक्षणाची गरज कोणाला वाटते?

पायरी चौथी : ब्रेक बसवावेत. हाताला जो आधी आला तो पुढे, उरला तो मागे. मी नट आवळले, वायर ओढून बांधली, हात पुसले. मनातल्या वहीत लिहिले की दोन्ही ब्रेक व्यवस्थित बसले.

पायरी पाचवी : सायकल सरळ करून गेटपर्यंत हातात धरून न्यावी. पुढचा ब्रेक सहज दाबावा. माझ्या बाबतीत या पायरीवर एक बारीक 'टक्' असा आवाज झाला आणि हातातली दांडी हलकी झाली. मी अजून सायकलवर बसलोही नव्हतो. वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला, "साहेब, तुमचं पुढं काहीतरी लोंबतंय."

ब्रेक लोंबत होता. वायरीला, चाकासमोर, भजनी मंडळातल्या टाळासारखा.

निरीक्षण

मी तो लोंबता ब्रेक आणि मागचा न लोंबता ब्रेक, दोन्ही काढून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेले. त्याच्या फळ्यावर खडूने 'ओव्हरऑइल करून मिळेल' असे लिहिले आहे. ओव्हरहॉल या शब्दाचे पुण्यातल्या सायकल दुकानांत हे जे झाले आहे ते मूळ शब्दापेक्षा खरे आहे, कारण तेल खरोखरच जास्त घालतात. तो एका चाकाचा आउट काढत होता. चाक फिरवायचे, कुठे लचकते ते बघायचे, तिथला आरा पाव फेरा आवळायचा, पुन्हा फिरवायचे. त्याने माझे बोलणे ऐकले नाही. माझ्या हातातले ब्रेक घेतले, चेहऱ्याकडे बघितलेही नाही, दोन्ही उलटे केले, पाठीला पाठ लावली, आणि मागे निघालेल्या दोन बोल्टांवरून अंगठा फिरवला.

एक बोल्ट लांब होता. एक आखूड. फरक इतका होता की दिवे गेलेले असतानाही कळला असता.

"लांब पुढं, आखूड मागं," तो म्हणाला. "बघितलं नाही का?"

हे या प्रयोगाचे एकमेव निरीक्षण आहे. त्याचे कारण असे. पुढचा ब्रेक जिथे बसतो तो चिमट्याचा माथा जाड असतो. दोन पाय जिथे एकत्र येतात आणि वर हँडलची नळी निघते तो भाग. त्याच्या आरपार जाऊन पलीकडे नट पकडायला बोल्ट लांब लागतो. मागचा ब्रेक बसतो तो दोन नळ्यांना जोडणाऱ्या एका बारीक आडव्या नळीवर. तिच्यातून जायला आखूड बोल्ट पुरतो.

मी आखूड बोल्टचा ब्रेक पुढे घातला होता. जाड माथ्यातून जाता जाता त्याचे टोक पलीकडे जेमतेम डोकावले आणि नट दोन आट्यांवर बसला. हाताला घट्ट लागला, पण दोन आट्यांवरचा घट्टपणा आणि निवडणुकीतले आश्वासन यांच्यावर वजन टाकायचे नसते. मागे उलट झाले. लांब बोल्ट बारीक नळीतून पार जाऊन पलीकडे दारावरच्या खुंटीसारखा बाहेर आला आणि मडगार्डला टेकला.

आता यातले महत्त्वाचे लक्षात घ्या. या दोन चुका सारख्या नाहीत. लांब बोल्टचा ब्रेक मागे घालायची वेळ आलीच तर योग्य मापाचे वायसर किंवा लहान नट लावून जमवता येते. आखूड बोल्टचा ब्रेक पुढे सहसा जमत नाही. जे जास्त आहे ते कमी करता येते, जे पोचतच नाही त्याला काय करणार? नेमकी ही दुसरी, न जमणारी चूक जास्त घातक आहे, कारण सायकल थांबते ती मुख्यतः पुढच्या ब्रेकने. भरलेल्या बसने एकदम ब्रेक मारला की उभे प्रवासी कुठे जातात? पुढे. सायकलवरही तुमचे वजन तसेच पुढच्या चाकावर येते. पुढच्या चाकाची रस्त्यावरची पकड वाढते, मागचे चाक हलके होते आणि जास्त दाबले तर घसरते. कॅम्पॅन्योलो नावाच्या इटालियन कंपनीने तर एका काळात मुद्दाम पुढचा ब्रेक जोरकस आणि मागचा साधा, हलका बनवला, कारण मागे तेवढी ताकद लागतच नाही. कात्रजच्या किंवा दिवे घाटाच्या उतारावर दोन आट्यांचा ब्रेक पुढे असेल तर पुढचे वाक्य या वहीत लिहायला कोणी उरत नाही.

उपप्रयोग १ : अक्षरांचा गोंधळ

काही कॅलिपरवर मागच्या अंगाला 'एफ' किंवा 'आर' असे अक्षर असते. एफ म्हणजे फ्रंट, आर म्हणजे रिअर. हे वाचून नवशिका खूश होतो. मग त्याची नजर रबरावर जाते. रबरावरही 'आर' असते, आणि दुसऱ्यावर 'एल'. इथे आर म्हणजे राइट आणि एल म्हणजे लेफ्ट. म्हणजे पुढच्या ब्रेकच्या उजव्या रबरावर आर असते आणि ते तिथेच बरोबर असते. हे वाचून आमचे काका म्हणाले, "म्हणजे हे रबर मागचं आहे." त्यांनी ते काढून मागे लावले. मागच्यावरचे आर काढून पुढे लावले. दोन्ही पुन्हा उजवीकडेच लागली, त्यामुळे काही बिघडले नाही. काकांना अर्थात वाटते की त्यांच्यामुळे सुधारले.

रबराजवळ बाण असेल तर तो चाक पुढे जाताना ज्या दिशेला फिरते ती दिशा दाखवतो. पन्हाळीसारख्या धातूच्या खोबणीत सरकवून बसवायचे रबर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. खोबणीचे एक टोक बंद असते, एक उघडे. ब्रेक जिथे लागतो तिथे रिम पुढच्या दिशेने धावत असते आणि रबराला आपल्याबरोबर पुढे ओढू बघते. म्हणून बंद टोक पुढे, उघडे तोंड मागे. दोन्ही चाकांना हाच नियम. उलटे लावले तर ब्रेक दाबताच रबर खोबणीतून निघून रस्त्यावर जाते आणि तुम्ही नुसता धातू रिमवर घासत पुढे जाता, आवाज करत, पण न थांबता.

उपप्रयोग २ : वायर

बोल्टचे जे आहे त्याच्या बरोबर उलट वायरीचे आहे. पुढची वायर आखूड, मागची लांब, कारण तिला सगळी सायकल ओलांडायची असते. म्हणजे पुढे लांब बोल्ट आणि आखूड वायर, मागे आखूड बोल्ट आणि लांब वायर. एकाला जे कमी दिले ते दुसरीकडून भरून काढले आहे. सुनांना दागिने वाटणाऱ्या सासूची ही पद्धत आहे. नवशिका लांब वायर आधी हातात घेतो, पुढे लावतो, जास्तीची कापतो आणि मग मागे वळतो. कापलेली वायर पुन्हा लांब होत नाही. हे वाक्य शंभर वेळा लिहून काढावे.

वायरीच्या टोकाला धातूची गाठ असते. कुठे पेरूसारखी, कुठे पिंपासारखी. बऱ्याच वायरींना दोन्ही टोकांना दोन प्रकार असतात. तुमच्या दांडीत जी बसते ती ठेवायची आणि दुसरी कापायची. कापण्याआधी दांडीत बसवून बघायची. यात बघायची हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो या वहीत पुन्हा पुन्हा येतो हे तुमच्या लक्षात आले असेल.

उजव्या हाताची दांडी कोणत्या चाकाला जोडायची हाही एक प्रश्न असतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि उजव्या हाताला पुढचा ब्रेक ठेवण्याचा रिवाज आहे, ब्रिटनमध्येही तसाच. अमेरिकेत डावीकडे पुढचा असतो. घरातली स्कूटर जिच्या हाताला सवयीची आहे तिला उजवीकडे पुढचा हेच सोयीचे, कारण स्कूटरचाही तसाच असतो. बाहेरून आणलेली सायकल असेल तर ती तिकडच्या रिवाजाची असू शकते. चालवायच्या आधी एकेक दांडी दाबून कोणते चाक अडते ते बघावे.

दक्षता

१. दोन्ही ब्रेक एकाच वेळी काढू नयेत. एक काढा, बसवा, मग दुसरा. ज्या जागेवरून काढलात तीच त्याची जागा. बाजारातून आणलेल्या जोडीबाबत विकणाऱ्याचे 'मिसळू नका' ऐकावे. मी ते ऐकले असते तर वरचा सगळा मजकूर लिहावा लागला नसता, पण मग तुम्ही काय वाचले असते?

२. बोल्ट पलीकडे पोचला आहे का ते डोळ्यांनी बघा. नट बाहेरून बसणारा असेल तर बोल्टचे टोक नटाच्या बाहेर आलेले दिसले पाहिजे. नट आत रुतून बसणारा असेल तर तो किमान सात-आठ फेरे फिरला पाहिजे. दोन फेऱ्यांत घट्ट झाला तर खूश होऊ नका.

३. रबर रिमला लागावे, टायरला नाही आणि आऱ्यांना नाही. टायरला लागले तर ब्रेक टायर खातो. ब्रेक सोडल्यावर रबर आणि रिम यांत एक-दोन मिलिमीटर जागा राहावी. चाकाचा आउट काढलेला नसेल तर ही जागा दर फेऱ्याला बदलते, आणि त्याचा दोष ब्रेकला देऊ नये.

४. पावसाळ्यात चकचकीत लोखंडी रिमवर रबर नीट धरत नाही. ब्रेक कितीही बरोबर बसवलेले असोत, भिजलेल्या लोखंडी रिमची सायकल थांबायला बराच जास्त रस्ता घेते. अ‍ॅल्युमिनियमची रिम बरी. जुलैत लक्ष्मी रस्त्यावर हा फरक चांगला कळतो, समोरच्याला जास्त.

५. शेजाऱ्याशी भांडू नये. त्यांना दोन्ही ब्रेक उलटे करून द्यावेत आणि बोल्टवरून अंगठा फिरवायला सांगावे. आमच्या काकांनी फिरवला. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मला माहीत होतं. तू बघतोस का ते बघत होतो."

अनुमान

लांब बोल्ट पुढे, आखूड मागे. रबराचे उघडे तोंड मागे. लांब वायर मागे. ब्रेकबद्दल याखेरीज जे काही पार्किंगमध्ये ऐकायला मिळते ते मत असते, आणि मताला आटे नसतात.

ब्रेक बसवून झाले की सायकलवर बसू नका. शेजारी उभे राहा, पुढची दांडी पूर्ण दाबून धरा आणि सायकल जोर लावून पुढे ढकला. मागचे चाक उचलले गेले आणि ब्रेक जागचा हलला नाही, तर वहीत निरीक्षण लिहा. त्याआधी नाही.